४५एस५: हाडाला धरणारी काच भट्टीत का अडते

हाडाचा मोठा तुकडा गेला असेल, तर ती पोकळी भरणाऱ्या पदार्थाकडून दोन अपेक्षा असतात. तो आजूबाजूच्या जिवंत हाडाशी पक्का जोडला गेला पाहिजे, आणि त्याच्या आत नवं हाड शिरायला, रक्तवाहिन्या पसरायला वाट असली पाहिजे. पहिली अपेक्षा पूर्ण करणारी काच १९६९ पासून माहीत आहे. तिचं नाव ४५एस५. बायोग्लास या नावाने ती जास्त ओळखली जाते. पण हीच काच आरपार छिद्रांच्या सांगाड्याच्या, म्हणजे स्कॅफोल्डच्या रूपात आणायला गेलं की काम अडतं. हाती येतं त्यातली बरीचशी काच उरलेली नसते, आणि जे उरतं ते चिमटीत दाबलं तरी चुरू शकतं.

जैवसिरॅमिक, म्हणजे शरीरात बसवायचे सिरॅमिक पदार्थ, शिकणाऱ्यांनी हे प्रकरण मुळापासून पाहावं असं मला वाटतं, कारण ही अडचण हलगर्जीपणातून आलेली नाही. भट्टी कितीही चांगली घेतली, पूड कितीही बारीक केली, तरी ती जात नाही. ही काच ज्या गुणामुळे हाडाला धरते, त्याच गुणामुळे ती भट्टीत बिघडते. एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही. किती सोडायचं आणि किती मिळवायचं, एवढंच ठरवता येतं.

ही काच आली कुठून

साठच्या दशकापर्यंत शरीरात बसवायच्या पदार्थांबद्दलचा विचार सरळ होता: पदार्थ जितका निष्क्रिय, तितका चांगला. गंजू नये, विरघळू नये, शरीराशी काही देणंघेणं ठेवू नये. शरीर मात्र अशा पदार्थाला परकाच समजतं आणि त्याच्याभोवती तंतुमय ऊतीचं पातळ आवरण तयार करतं. हाड आणि इम्प्लांट यांच्यामध्ये हे आवरण आलं की इम्प्लांट किंचित हलायला लागतो, हलल्यामुळे आवरण जाड होतं, आणि शेवटी तो सैल पडतो.

लॅरी हेंच अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात काच आणि सिरॅमिकवर काम करत होते, तेही इलेक्ट्रॉनिक्ससाठी. १९६७ साली लष्कराच्या एका परिषदेला बसने जाताना शेजारी व्हिएतनामहून परतलेले एक कर्नल बसले होते. किरणोत्सर्गाला टिकणाऱ्या पदार्थांबद्दल हेंच सांगत होते, तेव्हा कर्नलनी विचारलं की मानवी शरीरात टिकेल असं काही बनवता येईल का. धातू आणि प्लास्टिक शरीर नाकारतं, म्हणून जवानांचे हातपाय कापावे लागत आहेत. हा किस्सा हेंच यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. मला मात्र त्या किश्शापेक्षा त्यातून निघालेला तर्क महत्त्वाचा वाटतो. हाडातलं खनिज हायड्रॉक्सिॲपटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचं असतं. मग शरीरात गेल्यावर ज्या पदार्थाच्या पृष्ठभागावर आपोआप तसाच थर तयार होईल, त्याला हाड परकं समजणार नाही. म्हणजे पदार्थ निष्क्रिय असण्याऐवजी तो मर्यादित प्रमाणात, हवा तसा, विरघळला पाहिजे. निष्क्रियतेच्या विचाराच्या हे अगदी उलट होतं.

लष्कराच्या निधीतून काम सुरू झालं. वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड, असं मिश्रण निवडलं गेलं. या निवडीमागे जीवशास्त्राइतकीच सोयही होती: सोडियम, कॅल्शियम आणि सिलिका यांच्या या पट्ट्यातलं मिश्रण तुलनेने कमी तापमानाला वितळतं. टेड ग्रीनली या अस्थिशल्यविशारदांनी काचेचे छोटे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ते तपासताना तुलनेसाठी ठेवलेले इतर पदार्थांचे तुकडे हाडातून सहज निघाले. काचेचे तुकडे ढकलले, ठोकले, तरी हलेनात. १९७१ मध्ये यावरचा शोधनिबंध आला आणि जैवक्रियाशील, म्हणजे शरीराशी क्रिया करून जोडला जाणारा, हे विशेषण या क्षेत्रात रुजलं.

पृष्ठभागावर घडतं ते

खिडकीच्या काचेत सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. इथे ती ४५ टक्केच आहे. या फरकात सगळं आलं. शुद्ध सिलिकात प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंच्या मार्फत शेजारच्या चार सिलिकॉनशी बांधलेला असतो. सोडियम आणि कॅल्शियम आत शिरले की हे दुवे तुटतात. ४५एस५ मध्ये फॉस्फेट या जाळ्याच्या बाहेर राहतं, असं धरून मोल टक्केवारीवरून हिशेब केला, तर प्रत्येक सिलिकॉनमागे सरासरी २.१ दुवे शिल्लक राहतात. चारवरून दोनवर. म्हणजे त्रिमिती जाळं जवळजवळ संपलं. उरल्या त्या लांब साखळ्या, आणि त्यांच्यामध्ये मोकळे फिरू शकणारे सोडियम, कॅल्शियम.

शरीरद्रवात अशी काच ठेवली की आधी सोडियम बाहेर पडतो आणि त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन आयन आत येतो. आजूबाजूच्या द्रवाचा सामू चढतो. अल्कधर्मी द्रवात उरलेले सिलिकाचे दुवेही तुटायला लागतात, थोडी सिलिका विरघळते, उरलेली पृष्ठभागावर पुन्हा जुळून सिलिकाचा जेलसारखा थर बनवते. या थरावर कॅल्शियम आणि फॉस्फेट जमतात, काही काचेच्या आतून आलेले, काही द्रवातून. सुरुवातीला तो थर अस्फटिकी असतो. मग द्रवातला कार्बोनेट घेऊन तो हायड्रॉक्सिकार्बोनेट ॲपटाइटमध्ये स्फटिकतो, जे हाडातल्या खनिजाच्या फार जवळचं असतं. ४५एस५ वर हा थर काही तासांत दिसायला लागतो. कोलॅजेन या हाडातल्या प्रथिनाचे तंतू या वाढत्या थरात गुंततात आणि तिथून पुढचं काम पेशी घेतात. २००० च्या सुमारास लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या कामातून असंही दिसलं, की काचेतून विरघळलेले सिलिकॉन आणि कॅल्शियमचे आयन हाड बनवणाऱ्या पेशींमधली काही जनुकं जागी करतात.

पुढचं सगळं समजायला यातली एकच गोष्ट धरून ठेवावी: हे सगळं घडतं कारण जाळं तुटकं आहे आणि आयन मोकळे आहेत.

मूस प्लॅटिनमचीच का

ही काच बनवताना सोडियम आणि कॅल्शियम ऑक्साइडच्या रूपात कुणी घालत नाही. कार्बोनेटच्या रूपात घालतात. शंभर ग्रॅम काचेसाठी ४५ ग्रॅम सिलिका, ४१.९ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, ४३.७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि ६ ग्रॅम फॉस्फरस पेंटॉक्साइड लागतं. बेरीज १३६.६ ग्रॅम. वरचे ३६.६ ग्रॅम म्हणजे भट्टीत उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. म्हणून मूस, म्हणजे वितळवायचं भांडं, काठोकाठ भरून चालत नाही. मिश्रण फसफसून वर येतं आणि ते भट्टीच्या तळावर सांडलं तर काही सोडियम वाया जातं आणि मिश्रणाचं प्रमाणही बदलतं. १३०० अंश सेल्सिअसच्या वर वितळवून, बुडबुडे जाईपर्यंत थांबून, तो रस एकदम पाण्यात ओततात. काच तडकून तिचे कण होतात. ते सुकवून, दळून, चाळून पूड तयार करतात.

मूस प्लॅटिनमची लागते, आणि इथे पैसे वाचवायचा मोह होतो. ॲल्युमिनाची मूस स्वस्त असते, पण इतका सोडियम असलेला रस तिची भिंत खातो आणि ॲल्युमिनियम काचेत शिरतं. ॲल्युमिनियम तुटलेल्या जाळ्याला पुन्हा सांधतं. एक-दोन टक्के ॲल्युमिना गेलं तरी हाडाशी जुळण्याची क्षमता मंदावते, थोडं जास्त गेलं तर ती नाहीशीही होते. काच दिसायला तशीच असते. रासायनिक विश्लेषण न करता पुढच्या महिन्यांचे प्रयोग अशा काचेवर करणं म्हणजे दुसऱ्याच पदार्थाचा अभ्यास करणं.

घन तुकडे आणि पूड: इथवर अडचण नव्हती

पहिली उत्पादनं ओतीव, घन काचेची होती. १९८५ मध्ये मधल्या कानातल्या हाडांच्या जागी बसवायचा छोटा इम्प्लांट आला, मग दात काढल्यावर जबड्याची उंची टिकवणारे शंकू आले. जोडणी उत्तम व्हायची, पण आकार ठरलेले होते. शस्त्रक्रिया चालू असताना काच कापून, घासून बसवता येत नव्हती, आणि प्रत्येक रुग्णाची पोकळी वेगळी. १९९३ मध्ये दातांभोवतीच्या हाडासाठी ९० ते ७१० मायक्रॉनच्या कणांची पूड आली आणि ती चालली. रक्तात कालवली की पोकळीत कशीही भरता येते. पुढे हीच काच बारीक करून दातांच्या संवेदनशीलतेवरच्या टूथपेस्टमध्येही गेली.

या सगळ्या रूपांमध्ये एक गोष्ट सामाईक आहे: वितळवल्यानंतर काच पुन्हा तापवावी लागत नाही. ओतीव तुकड्याचा ताण घालवण्यासाठी हलकी उष्णता देतात तेवढीच.

स्कॅफोल्ड करायला घेतल्यावर

कण पोकळीत भरले की मधल्या फटी जशा पडतील तशा. मोठ्या दोषासाठी छिद्रं हवी त्या आकाराची, एकमेकांत उघडणारी आणि जागेवर टिकणारी हवीत. एका छिद्रातून दुसऱ्यात जायची खिडकी किमान शंभर मायक्रॉनची असावी, असं साधारण धरलं जातं. रक्तवाहिन्यांसाठी छिद्रं तीनशेच्या वर असली तर बरं. आणि सगळ्याला निदान सच्छिद्र हाडाइतकी ताकद हवी, जी दाबाखाली २ ते १२ मेगापास्कल धरली जाते.

सर्वात जास्त वापरली गेलेली रीत पॉलियुरेथेनच्या स्पंजाची. काचेची बारीक पूड पाण्यात बाइंडरसह, म्हणजे कण धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थासह, कालवून घट्टसर मिश्रण तयार करतात. स्पंजाचा तुकडा त्यात बुडवून पिळतात, म्हणजे छिद्रं मोकळी होतात आणि काच फक्त दांड्यांवर राहते. सुकवतात, गरजेप्रमाणे पुन्हा बुडवतात. मग भट्टीत अगदी हळू, मिनिटाला दोनेक अंश या गतीने, ४०० अंशांपर्यंत नेऊन स्पंज जाळून टाकतात. घाई केली तर निघणारा वायू काचेचा नाजूक लेप फोडतो. या टप्प्याला जे उरतं ते कणांनी कसंबसं धरलेलं स्पंजाचं भूत असतं. त्याला हात लावता येत नाही. आता सिंटरिंग करायचं, म्हणजे कण मऊ होऊन एकमेकांत मिसळले पाहिजेत, तेलाचे थेंब जवळ येऊन एक होतात तसे.

इथे काच अडते. ४५एस५ सुमारे ५५० अंशांना मऊ व्हायला लागते. पण ६१० च्या आसपास, पूड किती बारीक आहे त्याप्रमाणे थोडं मागेपुढे, तिच्यात सोडियम-कॅल्शियम सिलिकेटचे स्फटिक उगवायला लागतात. वाहून एक व्हायला मिळते ती साठेक अंशांची फट. स्फटिक एकदा आले की काच वाहायची थांबते, कारण स्फटिक त्या तापमानाला मऊ होत नाहीत. कण एकमेकांना टेकलेले, पण मिसळलेले नाहीत, अशा अवस्थेत सगळं गोठतं.

कारण वर आलेलंच आहे. जाळं तुटकं असल्यामुळे अणूंना नव्या, नियमित रचनेत जायला फारशी मोडतोड करावी लागत नाही. सोडियम, कॅल्शियम मोकळे आहेत, त्यामुळे ते पटकन जागा घेतात. द्रवात ज्या सहजतेने आयन बाहेर पडतात, त्याच सहजतेने भट्टीत ते स्फटिकात जाऊन बसतात. पूड बारीक केली तर कण लवकर मिसळावेत ही अपेक्षा असते, पण पृष्ठभाग वाढतो, आणि स्फटिक उगवायला पृष्ठभाग हीच आवडती जागा. म्हणून बारीक दळणंही तारत नाही.

मग तापमान आणखी चढवायचं. २००६ मध्ये बोकाचिनी आणि सहकाऱ्यांनी हा मार्ग घेतला: १००० अंशांना एक तास. इतक्या वर गेल्यावर स्फटिकांबरोबर उरलेला काचेचा भाग पातळ होऊन सांधे भरतो. सुमारे ९० टक्के सच्छिद्रता, ५०० ते ७०० मायक्रॉनच्या घरातली छिद्रं, दिसायला हाडाच्या आतल्या जाळीसारखाच स्कॅफोल्ड. दाबाची ताकद मात्र ०.३ ते ०.४ मेगापास्कल. शिवाय स्पंजाची दांडी जळून जाते तिथे आतून पोकळ नळी राहते, आणि भेग नेमकी त्या नळीच्या कोपऱ्यातून सुरू होते. म्हणजे या आकड्यात स्फटिकीकरणाचा वाटा आहे तसा या रीतीचाही आहे. ताकद कमी आली की सगळं खापर काचेवर फोडलं जातं, ते पूर्ण खरं नाही.

स्फटिक म्हणजे शत्रू का

इथे थोडं थांबायला हवं, कारण स्फटिक झाले म्हणजे काच कामातून गेली, असं बरेच जण धरून चालतात. पूर्ण स्फटिकलेल्या ४५एस५ वरही ॲपटाइटचा थर येतो, फक्त उशिरा. ब्राझीलमधल्या साओ कार्लोस इथल्या झानोटो यांच्या गटाने तर याच जातीची काच ठरवून जवळजवळ पूर्ण स्फटिकवली आणि बायोसिलिकेट नावाचा पदार्थ केला, जो अधिक मजबूत असूनही जैवक्रियाशील राहतो. त्रास अर्धवट स्फटिकलेल्या पदार्थाचा जास्त. त्यात उरलेली काच आधी विरघळते, स्फटिक मागे राहतात, आणि दांड्या मधूनच ठिसूळ होतात.

जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या कोकुबो यांचं १९८२ चं काम याच्या शेजारी ठेवून पाहावं. त्यांच्या ए-डब्ल्यू काच-सिरॅमिकची पूड तापवली की ८३० अंशांच्या सुमारास ती पूर्ण घट्ट होते, आणि त्यानंतरच, ८७० आणि ९०० अंशांच्या आसपास, आधी ॲपटाइट मग वोलॅस्टोनाइट (एक कॅल्शियम सिलिकेट) असे स्फटिक येतात. वाकवण्याची ताकद २१५ मेगापास्कल. ४५एस५ च्या घन काचेची चाळिशीच्या आसपास असते. कण्याच्या मणक्यांसाठी आणि कमरेच्या हाडासाठी तो जपानमध्ये वापरला गेला. दोन्हीकडे स्फटिकच आहेत. फरक क्रमाचा आहे: तिथे आधी कण मिसळले मग स्फटिक आले, ४५एस५ मध्ये उलट. ए-डब्ल्यूच्या मिश्रणात सोडियम नाहीच, हे त्या मागचं कारण. त्याची किंमतही आहे: हाडाशी जोडणी होते, पण ४५एस५ च्या वेगाने नाही, आणि तो पदार्थ शरीरात विरघळून नव्या हाडाला जागा करून देत नाही.

मिश्रण बदलून पाहिलं

फिनलंडमध्ये तुर्कू इथे झालेल्या कामातून १३-९३ ही काच आली. वजनाने ५३ टक्के सिलिका, सोडियम ऑक्साइड फक्त ६ टक्के, त्याऐवजी १२ टक्के पोटॅशियम ऑक्साइड, ५ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड, २० कॅल्शियम ऑक्साइड, ४ फॉस्फरस पेंटॉक्साइड. आधीचाच हिशेब लावला तर प्रत्येक सिलिकॉनमागे दुवे २.६ येतात. २.१ आणि २.६ मधला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. भट्टीत तो शंभर अंशांच्या आसपासची फट देतो. वेगवेगळ्या आकाराचे आयन एकत्र असले की त्यांना एका स्फटिकात नीट बसायला अवघड जातं, हाही पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घालण्यामागचा हेतू.

मिसूरीमधल्या रहमान, डे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हीच स्पंजाची रीत १३-९३ वर वापरली. ७०० अंशांना सिंटरिंग, स्फटिक नाहीत, ८५ टक्के सच्छिद्रता, आणि दाबाची ताकद सुमारे ११ मेगापास्कल. ४५एस५ च्या स्कॅफोल्डपेक्षा सुमारे तीस पट, जरी त्यातला काही वाटा कमी सच्छिद्रतेचा आहे. सच्छिद्र हाडाच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला.

याची किंमत ॲपटाइटच्या वेगात मोजावी लागते. ४५एस५ वर तासांत येणारा थर १३-९३ वर यायला दिवस लागतात, आणि जाड दांड्यांच्या आतली काच शरीरात कित्येक महिने तशीच राहते. काही गटांनी सिलिकाच्या जागी बोरॉन ऑक्साइड घालून हा वेग वाढवला. पण सुटणारा बोरॉन साठून राहिला तर पेशींना जाचतो, आणि तो किती वेगाने वाहून जाईल हे बसवलेल्या जागेच्या रक्तपुरवठ्यावर अवलंबून. म्हणजे मोजमाप पुन्हा रुग्णाकडे गेलं.

तिसरी वाट वितळवणंच टाळण्याची. सोल-जेल पद्धतीत द्रव रसायनांपासून खोलीच्या तापमानाला सिलिकाचं जाळं उभं करतात, फेस काढून छिद्रं देतात, मग तापवून पक्कं करतात. सत्तर मोल टक्के सिलिका आणि तीस कॅल्शियम ऑक्साइड. सोडियमची गरजच नाही, कारण ते वितळवण्यासाठी होतं. जाळ्यात नॅनोमीटरच्या छिद्रांमुळे पृष्ठभाग इतका असतो की जास्त सिलिका असूनही काच क्रियाशील राहते. दाबाची ताकद सुमारे २.४ मेगापास्कलपर्यंत नेता आली. हाडाच्या मर्यादेच्या खालच्या टोकाला, पण आत. मला ही वाट सर्वात हुशार वाटते, जरी तिची कहाणी अजून संपलेली नाही.

आकडे वाचताना

वर दिलेले स्कॅफोल्डच्या ताकदीचे सगळे आकडे दाबाचे आहेत, आणि या क्षेत्रात दाबाचेच आकडे मिरवले जातात, कारण ते मोठे दिसतात. मिसूरीतल्या त्याच गटाने २०१३ मध्ये १३-९३ ची पेस्ट बारीक नळीतून थरावर थर ओढून जाळी बनवली. पोकळ दांड्यांचा प्रश्न तिथे नव्हता. दाबाची ताकद ८६ मेगापास्कल आली. हाच स्कॅफोल्ड वाकवून पाहिला तेव्हा ११ मेगापास्कल. त्यांनी दोन्ही आकडे छापले, म्हणून त्यांचं काम मला विश्वासार्ह वाटतं. मांडीचं किंवा नडगीचं हाड नुसतं दाबलं जात नाही. चालताना ते वाकतं, पिळलं जातं. ठिसूळ पदार्थात सरासरीलाही मर्यादित अर्थ असतो, कारण मोडतो तो सर्वात वाईट भेग असलेला तुकडा. सरासरीच्या शेजारी आकड्यांचा विखुरलेपणा दिलेला नसेल तर तो निबंध मी अर्धवट समजतो.

पेशींच्या चाचणीत आणखी एक फसगत होते. ४५एस५ ची पूड थोड्याशा पोषकद्रवात टाकली की सोडियम सुटून सामू चढतो आणि पेशी मरतात. यावरून काच विषारी ठरवणारे निष्कर्ष निघतात. शरीरात द्रव वाहता असतो, सामू तितका चढत नाही. म्हणून चाचणीआधी काच द्रवात भिजवून, तो द्रव बदलून, पहिला जोर ओसरू देतात. हे केलं की नाही आणि किती वेळ, हे निबंधात लिहिलेलं नसेल तर दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळायचे नाहीत.

कोकुबो यांच्याच कृत्रिम शरीरद्रवाच्या चाचणीबद्दलही तेच. रक्तद्रवासारखे आयन असलेल्या या द्रवात नमुना ठेवून ॲपटाइट येतो का हे पाहतात. तिचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, ती स्वस्त आहे, आणि म्हणून तिच्यावर नको इतका भार टाकला गेला आहे. हाडाच्या पोकळीत भरायचा दुसरा एक पदार्थ, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, या चाचणीत अनेकदा नापास होतो, पण प्राण्यांच्या हाडात उत्तम जोडला जातो. काचांमधली तुलना करायला चाचणी उपयोगी. हाड काय करेल याचं उत्तर तिच्याकडे मागू नये.

आत्ता कुठे आहे

दवाखान्यात ४५एस५ आणि तिची फिनलंडमधली जवळची बहीण एस५३पी४ आजही बहुतांशी कण किंवा मळता येणाऱ्या लगद्याच्या रूपात जातात. एस५३पी४ चे कण हाडाच्या जुनाट संसर्गात, संसर्ग खरवडून काढल्यावर उरलेली पोकळी भरायला वापरतात; इथे चढता सामू जिवाणूंच्या विरोधात कामी येतो, जो पेशींच्या चाचणीत दोष ठरला होता. पोकळी हाडाच्या भिंतींनी बंदिस्त असेल, तिच्यावर भार नसेल, तर स्कॅफोल्डचा अट्टाहास कशाला, हा सर्जनचा प्रश्न मला रास्त वाटतो. हाडाचा पूर्ण आडवा तुकडा गेला असेल तर मात्र कणांनी भागत नाही, आणि तिथे नुसती काच पुरत नाही. सोबत धातूची पट्टी किंवा सळई लागतेच.

ठिसूळपणावरचा सध्याचा सर्वात वेगळा प्रयत्न सोल-जेल वाटेवरचाच आहे: सिलिकाच्या जाळ्यात पॉलिमरच्या साखळ्या रेणूच्या पातळीवर विणून, दाबल्यावर पुन्हा मूळ आकारात येणारा संकरित पदार्थ करणं. पॉलिमर असल्यामुळे तो भट्टीत घालताच येत नाही, म्हणजे सिंटरिंगची फट, स्फटिक, सगळं बाजूला पडलं. पण मग कॅल्शियम अडतो. नेहमीचा कॅल्शियम नायट्रेट सिलिकाच्या जाळ्यात शिरतो तो ४०० अंशांच्या आसपास तापवल्यावर. त्याआधी तो नुसता पृष्ठभागावर बसलेला असतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. कॅल्शियम मिथॉक्सिइथॉक्साइड वापरला तर तो खोलीच्या तापमानालाच आत जातो, पण हवेतल्या दमटपणाशीही इतक्या झपाट्याने प्रतिक्रिया करतो की कोरड्या नायट्रोजनखाली हाताळावा लागतो, आणि जेल साच्यात नीट ओतेपर्यंत घट्ट व्हायला लागतो.